‘पोरीत दमच नाही’ हे एका चाचणीवरून ठरतं का?

पत्राचा सारांश: पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातून एका वडिलांनी लिहिलं आहे. तीन एकर शेती, घरी दोन मुली. थोरली १६ वर्षांची, अकरावीत शिकते, सातवीपासून कबड्डी खेळते, उजव्या कोपऱ्यात उभी राहते. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या गावी एका प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी झाली. मोबाइलवर बीप वाजेल तसं २० मीटरवरच्या दोन रेघांमध्ये धावायचं होतं; दर पातळीला बीप लवकर वाजू लागतो. मुलगी पाचव्या पातळीवर थांबली, तिला चक्कर आली. प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पोरीत दमच नाही, कबड्डी सोडा.’ त्या दिवसापासून ती मैदानावर गेलेली नाही. काका म्हणतात, तीन हजारांचा प्रोटीनचा डबा आणा. आई म्हणते, खेळ पुरे झाला, पोलीस भरतीची तयारी करू द्या. वडिलांचा प्रश्न: पोरीला खेळवू की थांबवू? आणि दम नसेल तर भरतीत तरी तिचा निभाव लागेल का?

भाऊ,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. ‘आदल्या दिवशी रोवणी होती, बाया कमी पडल्या म्हणून तीही बांधीत उतरली होती.’ म्हणजे धानाच्या लावणीला ती चिखलाच्या वाफ्यात उतरली होती. तुम्ही ती ओळ ओघात लिहून गेलात. पुढच्याच ओळीत लिहिलंय की पहाटे साडेपाचची एसटी पकडायची म्हणून ती नुसता चहा पिऊन निघाली आणि तिचा नंबर दुपारी बाराच्या पुढे लागला.

आता मला सांगा, दिवसभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे (रोपं) लावलेली, रात्री नीट न झोपलेली, सकाळपासून उपाशी असलेली पोर ऑगस्टच्या उमशीत भर दुपारी धावली आणि पाचव्या पातळीला थांबली. यात तिचा दम किती मोजला गेला आणि तिचा थकवा किती? प्रशिक्षकांकडे हे वेगळं काढायचा काहीच मार्ग नव्हता, कारण त्यांनी विचारलंच नाही. चाचणी घेण्याआधी काल काय केलंस, काय खाल्लंस, झोप किती झाली, ताप-खोकला आहे का, पाळी सुरू आहे का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. ज्या चाचणीआधी हे विचारलं जात नाही, तिचा आकडा मी वहीत पेन्सिलनेच लिहीन.

चाचणी मुळात वाईट नाही. बीप टेस्ट कॅनडातले संशोधक ल्युक लेजे यांनी १९८२ च्या सुमारास पुढे आणली आणि आज जगभर शाळांपासून राष्ट्रीय संघांपर्यंत ती घेतली जाते. तिच्या प्रचलित पद्धतीत सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने होते आणि दर मिनिटाला, म्हणजे दर पातळीला, वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. म्हणजे पहिल्या मिनिटात २० मीटरला साधारण साडेआठ सेकंद मिळतात, पाचव्या पातळीवर सातहून कमी. शरीर सलग कष्ट करताना किती प्राणवायू वापरू शकतं, याचा बरा अंदाज तिच्यातून येतो. पण प्रत्येक २० मीटरला थांबून वळावं लागतं. ज्याने हे आधी केलंय तो वळणावर दम राखतो. पहिल्यांदा धावणारा सुरुवातीलाच जोरात पळतो, बीपच्या आधी रेघेवर पोचतो आणि उगाच थकतो. तुमची मुलगी ही चाचणी पहिल्यांदाच देत होती, मुरमाच्या मैदानावर, अनवाणी. तीच पोर आठ दिवसांनी ताजीतवानी होऊन, बूट घालून धावली तर आकडा वाढेल आणि त्यात तिच्या तब्येतीत काडीचाही फरक झालेला नसेल.

दुसरी गोष्ट ‘दम’ या शब्दाची. आपण तो सगळ्यालाच लावतो. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची. कोपऱ्यातल्या खेळाडूचं खरं काम त्यातल्या दोन-तीन सेकंदांचं: समोरची चढाई करणारी पाय टाकते, वजन एका पायावर येतं, आणि त्या क्षणी घोट्यावर झेप. त्यासाठी लागतो स्फोटक जोर, पकडीची ताकद, दिशा बदलायची चपळाई आणि डोळ्यांची तयारी. पुन्हा पुढच्या चढाईला तितक्याच जोरात उठता यावं म्हणून दमही लागतो, ते नाकारत नाही. पण बीप टेस्ट यातला एकच धागा मोजते. समोरचीचा पाय कुठे पडणार हे आधी ओळखणं मोजायची पट्टी माझ्या पाहण्यात नाही, आणि तुम्ही लिहिता की गावच्या स्पर्धेत तिच्या कोपऱ्यातून कुणी सहज सुटत नाही. निवड करणाऱ्याने दहा मिनिटं तिला खेळताना पाहायला हवं होतं.

आता चक्कर. भाऊ, मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे.

मी २६ वर्षं शाळेत क्रीडाशिक्षिका होते. एका वर्षी ६०० मीटर धावण्यात मागे पडलेल्या एका मुलीला मी संघातून काढलं. ‘आळशी आहेस’ असंही म्हणाले. दीड महिन्याने शाळेत रक्त तपासणी झाली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठच्याही खाली निघालं. ती आळशी नव्हती, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायला पुरेसं काही नव्हतं आणि तरीही ती ६०० मीटर पूर्ण धावली होती. त्या पोरीची माफी मी मागितली, पण तिचं ते वर्ष परत आलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: पाय मोजायच्या आधी रक्त मोजायचं.

तिच्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिला रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे मैदानावर उभ्या असलेल्या दहा मुलींत पाच-सहांचं रक्त कमी असू शकतं, आणि आपण त्यांना दम नाही म्हणून घरी पाठवतो. तुम्ही लिहिलंय की ती जिना चढून आली तरी हल्ली बसते आणि रात्री पाय दुखतात म्हणते. हे दुखणं धावण्याचं असेल, रोवणीचं असेल, पण आपल्या भागात आणखी एक शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या, तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराची.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल घराघराला माहीत आहे, पण ‘आपल्या घरात नाही’ असं धरून चालण्याची सवयही तितकीच आहे. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे आजार नसून त्याचा दोष अंगात बाळगणारे, असतील तर त्यांना काही त्रास नसतो, पण प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते आणि वाहक होण्याची चारात दोन. वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते. मात्र उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांताने धावलं तर वाहकालाही धोका होऊ शकतो, स्नायू निकामी होऊन कोसळण्यापर्यंत. अमेरिकेत विद्यापीठांच्या वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी २०१० पासून ही तपासणी नियमात आली, ती असेच जीव गेल्यामुळे. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पहिली साधी चाचणी संशयास्पद आली तर रक्त पुढच्या पक्क्या तपासणीला जातं. तो अहवाल हातात येईपर्यंत कुणी कितीही आग्रह केला तरी तिला जीव तोडून धावायच्या चाचणीला उभं करू नका.

अहवालात वाहक निघाली तर घाबरून खेळ बंद करू नका. वाहक मुली खेळतात. सराव हळूहळू वाढवायचा, मधे विसावा, पाणी भरपूर, आणि धावताना पायात गोळे आल्यासारखं किंवा अचानक अशक्त वाटलं की त्या क्षणी थांबायचं. प्रशिक्षकाला हे लिहून द्या. आजारच निघाला तर किती आणि काय खेळायचं हे डॉक्टर ठरवतील, मी किंवा प्रशिक्षक नाही. आणि नुसता रक्तक्षय निघाला तर ती सगळ्यात सोपी बातमी. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी ती घेते की दप्तरात राहते, हे तिच्या आईला विचारायला सांगा. कित्येक मुली मळमळतं म्हणून टाकून देतात, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. वरून औषध लागलं तर ते डॉक्टरच देतील, मेडिकलमधून परस्पर आणू नका. जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. शेवग्याचा पाला, हरभरा, तीळ, अंडी, मासे आणि ताटात लिंबाची फोड किंवा आवळा. पाळीत रक्त फार जातं का, किंवा पाळी तीन महिने चुकली आहे का, हेही आईने विचारावं. खूप मेहनत आणि कमी खाणं झालं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमजोर होतात. ही गोष्ट मुली लाजेने सांगत नाहीत आणि पुरुष प्रशिक्षक विचारत नाहीत.

डब्याबद्दल दोनच वाक्यं. तीन हजारांत वर्षाचा बराच हरभरा आणि अंडी येतात. आणि डब्यावर न छापलेलं बंदी असलेलं द्रव्य आत निघालं, तर उत्तेजक चाचणीत दोषी खेळाडूच धरला जातो, डबा देणारा काका नाही.

रक्ताचं मार्गी लागलं, ती आठ-दहा दिवस नीट खाऊन-झोपून ताजी झाली, की मग मोजा. हो, मोजाच. मी चाचण्यांच्या विरोधात नाही, आयुष्यभर त्याच घेतल्या. माझं म्हणणं इतकंच की तिला साठ अनोळखी मुलींशी एकदा मोजण्यापेक्षा तिच्याशीच दर सहा आठवड्यांनी मोजा. यासाठी केंद्र लागत नाही. शाळेचं मैदान, सुतारकामाचा टेप, चुना, मोबाइलचं घड्याळ आणि एक वही पुरे.

उभ्याने लांब उडी घ्या. रेघेला पायाची बोटं लावून, हात मागे नेऊन, दोन्ही पायांनी उडी. रेघेपासून जवळच्या टाचेपर्यंत मापायचं. तीन उड्या, सगळ्यात लांब ती लिहायची. पायांतला स्फोटक जोर यात दिसतो, म्हणजे तिची घोट्यावरची झेप. उंच उडीचं माप भिंतीवर घ्या: चुन्यात बोटं बुडवून आधी टाचा टेकवून हात वर करून एक खूण, मग जागेवरून उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर हेच माप. डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये हीच कल्पना मांडली आणि शंभर वर्षांनीही ती चालते. माझ्या शाळेची मागची भिंत अशा पांढऱ्या बोटांनी भरलेली असायची, आणि मुली मधल्या सुट्टीत आपली जुनी खूण शोधून तिच्यावर उडी मारायच्या. कुणी सांगावं लागत नसे.

कबड्डीसाठी मला सगळ्यात आवडणारी चाचणी म्हणजे ३० मीटर, सहा वेळा. दर ३० सेकंदांनी एक धाव सुरू करायची, प्रत्येक धाव पूर्ण जोराने. सहाही वेळा लिहून ठेवा. पहिली किती वेगात गेली त्यातून वेग कळतो, सहावी पहिलीपेक्षा किती मंदावली त्यातून सावरण्याची क्षमता. खेळातला दम याच्या जास्त जवळ आहे. ज्या वाचकांची मुलं लांब पल्ल्याचं धावतात त्यांनी १२ मिनिटांची धाव घ्यावी. केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली: १२ मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजायचं, बस. त्या अंतरावरून प्राणवायूचा आकडा काढायचं सूत्र मोबाइलवर मिळेल, पण ते हवाई दलातल्या पुरुषांच्या मोजणीवरून बसवलेलं आहे. आपल्या पोरीला ते लावू नका. मीटर लिहा, तेवढं पुरे.

मापताना एक चूक सगळे करतात. आज ३० मीटरला ५.४ सेकंद, पुढच्या महिन्यात ५.३, आणि घरभर पेढे. मोबाइलचं बटण दाबणारं बोटच तेवढं मागे-पुढे होतं. शंभर मीटरच्या शर्यतीत हातातल्या घड्याळाचा वेळ यंत्राच्या तुलनेत साधारण पाव सेकंद कमी येतो म्हणून तुलना करताना ०.२४ सेकंद वाढवून धरतात. म्हणून पहिल्यांदा मापाल तेव्हा दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मापा. मधे सराव वाढवायचा नाही. दोन्ही वेळांत जो फरक येईल, तो तुमच्या मोजण्याचा हेलकावा. पुढे कधीही फरक त्याहून मोठा दिसला तरच ती सुधारली किंवा घसरली म्हणा. दर वेळी मैदान तेच, सकाळची वेळ तीच, घड्याळ धरणारा माणूसही तोच ठेवा. धाकटीला हे काम द्या, ती मनापासून करेल.

आणि रोज एक माप अंथरुणातच. उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि लिहायची. पंधरा दिवसांत तिची नेहमीची नाडी कळेल. मग सलग दोन-तीन सकाळी ती आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली दिसली तर समजा, अंग थकलंय किंवा ताप येऊ घातलाय, त्या दिवशी सराव हलका. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत वही काय दाखवते ते तुम्ही स्वतः बघा. शेतातलं काम हाही शरीराला पडलेला भारच आहे, तो वहीत ‘रोवणी, सहा तास’ असा लिहायचा. शेतकऱ्याच्या पोरींचा सराव शहरातल्या मुलींपेक्षा कमी दिसतो, कारण त्यांचा अर्धा सराव कुणी मोजतच नाही.

ज्यांची मुलं १२ ते १४ वर्षांची आहेत त्यांच्यासाठी थोडं. या वयात मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षी सगळ्यात वेगाने उंच होतात, पण त्यातही दोन वर्षांचा मागेपुढेपणा सहज असतो. लवकर वाढलेला मुलगा निवडीत उजवा ठरतो आणि उशिरा वाढणारा ‘कच्चा’. तो कच्चा नसतो, त्याची वेळ यायची असते. उंचीची नोंद दर तीन महिन्यांनी ठेवा आणि उंची झपाट्याने वाढत असेल तेव्हा गुडघे-टाचा दुखल्या तर भार कमी करा.

भरतीबद्दल तुमच्या घरी एक गैरसमज आहे. कबड्डी सोडून भरतीची तयारी, असे हे दोन रस्ते नाहीत. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि चार किलोची गोळाफेक १५ गुणांना असते, एकूण ५०, आणि लेखी परीक्षेला जायला त्यातले निम्मे मिळवावे लागतात. यातलं १०० मीटर आणि गोळा हे स्फोटक जोराचे खेळ, कोपऱ्यातल्या कबड्डीपटूला ते जवळचे आहेत. ८०० ला तिला मेहनत लागेल, पण १८ वर्षांची व्हायला अजून वेळ आहे. आठवड्यातून दोन दिवस सावकाश लांब धावणं वाढवलं तर कबड्डीतही सावरणं सुधारेल. दोन्हींचं एकमेकांशी भांडण नाही.

प्रशिक्षकांकडे परत जायचं का? जा, पण भांडायला नाही. अहवाल आणि सहा आठवड्यांची वही घेऊन जा आणि म्हणा, ‘सर, त्या दिवशी ती रोवणीवरून उपाशी आली होती. पुन्हा एकदा सकाळी बघा, आणि दहा मिनिटं खेळवून बघा.’ चांगला प्रशिक्षक ऐकेल. नाही ऐकलं तर गावचं मैदान आणि शाळेचा संघ आहेच, शालेय स्पर्धेतून तालुका, जिल्हा, विभाग ही वाट कुणा एका केंद्रातून जात नाही. मात्र सगळ्यांसमोर केलेला तो शेरा त्यांनी करायला नको होता, हे शांतपणे सांगा. तुमच्या मागे उभ्या असलेल्या पुढच्या बापाला त्याचा उपयोग होईल.

राहिली ती स्वतः. ‘खेळवू की थांबवू’ असं तुम्ही मला विचारलंत. दोन पानी पत्रात तिला काय वाटतं ते कुठेच नाही. चाचणीचा विषय न काढता तिच्याजवळ बसा. ‘त्या दिवशी मीच तुला बांधीत उतरवलं, ते बरोबर नव्हतं,’ एवढं म्हणून बघा. ती लगेच बोलणार नाही कदाचित. वाट बघा. तिने खेळायचं नाही म्हटलं तर तेही ऐका, पण रक्त तपासल्यावर, बरं वाटू लागल्यावर पुन्हा एकदा विचारा, कारण थकलेलं अंगही ‘नको’ म्हणतं.

या आठवड्यात आरोग्य केंद्रात तिला घेऊन जा, सकाळी, भाजी-भाकर खाऊन. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्यांची नावं कागदावर लिहून न्या, आणि धाकटीचीही करून घ्या.